विज्ञानकथेतलं पाणी, आपल्या गावचं पाणी : पाचवी ते आठवीसाठी एक पाठ



परिसर अभ्यासातला पाण्याचा पाठ संपला की मी मुलांना एक गोष्ट लिहायला देते. गेल्या वर्षी विषय होता ‘पन्नास वर्षांनंतरचं आपलं तेलगाव’. पाचवीच्या वर्गातून एकोणतीस वह्या आल्या. त्यातल्या सतरा वह्यांत एक मशीन होतं, ज्याचं बटण दाबलं की पाऊस पडतो. बाकीच्यांत उडणाऱ्या मोटारसायकली, चंद्रावरची जत्रा आणि एक रोबो मास्तर, जो कधीच गृहपाठ देत नाही. जवळजवळ सगळ्या वह्यांच्या शेवटी ‘म्हणून झाडे लावा, झाडे जगवा’ हे वाक्य होतंच. ते वाक्य मुलांचं नाही, आपलं आहे. ते लिहिलं की मार्क मिळतात हे आपणच त्यांना शिकवलंय.

एका मुलीची गोष्ट मात्र चारच ओळींची होती. तिनं लिहिलं होतं : ‘ऊस तोडायचं मशीन सगळ्या फडात आलं. आई-पप्पा गावातच राहिले. दिवाळीनंतर पण शाळेत सगळी मुलं होती. घरात किराणा नव्हता.’

या वहीवर काय शेरा लिहावा ते मला कळेना. ‘छान’ लिहिणं बरोबर वाटेना, ‘गोष्ट अजून वाढव’ लिहिणं त्याहून वाईट. वही तशीच घरी नेली. मग सुट्टीत बसून मी विज्ञानकथा वाचायला घेतल्या. पर्यावरणाचं संकट आणि त्यावर माणसानं काढलेलं यंत्र, हा विषय मोठमोठ्या लेखकांनी कसा हाताळलाय ते बघावं म्हणून. त्यातून हा पाठ तयार झाला. मी तो सहा तासिकांत घेतला. तुम्ही तुमच्या वर्गाप्रमाणे कमी-जास्त करा. पालकांना घरी, रात्री जेवण झाल्यावर गोष्ट म्हणून सांगता येईल असंही यात बरंच आहे.

आधी एक फरक

मुलांना पहिल्यांदा परीकथा आणि विज्ञानकथा यातला फरक सांगावा लागतो. व्याख्या सांगू नका, मुलं ती पाठ करतात आणि विसरतात. मी फळ्यावर दोन दिवे काढले. एक अलादिनचा, एक आपल्या घरातला. विचारलं, यातल्या कोणत्या दिव्याला बिल येतं? वर्ग हसला, पण मुद्दा कळला. परीकथेतल्या जादूला खर्च नसतो, ती कुठून आली हे कोणी विचारत नाही. विज्ञानकथेत लेखकाला एकच थाप मारायची मुभा असते. ‘समजा असं झालं तर’ एवढीच. त्यानंतरचं सगळं हिशोबानं व्हावं लागतं. मशीन असेल तर त्याला वीज लागणार, ते कोणाच्या तरी मालकीचं असणार, ते बिघडणार, आणि त्यातून काहीतरी वाया जाणारं बाहेर पडणार.

एवढं झाल्यावर मी ती सतरा ‘बटणवाली’ पानं मुलांना परत वाचायला लावली आणि विचारलं, सांगा, यातल्या किती विज्ञानकथा आहेत? ‘एकपण नाही मॅडम, सगळ्या अलादिनच्या आहेत,’ असं उत्तर मागच्या बाकावरून आलं.

उन्हाळा न आलेलं वर्ष

विज्ञानकथेचा जन्मच मुळी हवामानाच्या एका गडबडीत झाला, ही गोष्ट मुलांना फार आवडते. १८१५ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून निघालेली राख आणि वायू इतक्या उंच गेले की तिथून ते जगभर पसरले. सूर्याचं ऊन थोडं थोडं अडायला लागलं. पुढच्या वर्षी, म्हणजे १८१६ साली, युरोपात आणि उत्तर अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही म्हणतात. पिकं गेली, धान्य महागलं.

त्याच पावसाळी, अंधाऱ्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाच्या तळ्याकाठी काही मित्रमंडळी घरात अडकून पडली होती. बाहेर जाता येईना, म्हणून त्यांनी भीतीच्या गोष्टी रचायचं ठरवलं. त्यात मेरी नावाची अठरा वर्षांची मुलगी होती. तिनं लिहायला घेतलेली गोष्ट १८१८ मध्ये ‘फ्रँकेन्स्टाइन’ या नावानं छापली गेली. एक शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत जिवंत प्राणी तयार करतो, आणि तयार झाल्याबरोबर त्याला टाकून पळून जातो. पुढे जे अनर्थ होतात ते या पळून जाण्यामुळे. बरेच जण फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव समजतात. ते नाव शास्त्रज्ञाचं आहे. हे मुलांना आवर्जून सांगा, कारण पुढच्या सगळ्या चर्चेला ते उपयोगी पडतं. यंत्र वाईट होतं का, की यंत्र बनवून टाकून देणारा?

इथं भूगोलाचा नकाशा काढाच. इंडोनेशिया कुठं, जिनिव्हा कुठं. एका ठिकाणची राख दुसऱ्या खंडातलं पीक घालवते, हे नकाशावर बोट फिरवल्याशिवाय पटत नाही.

आपल्याकडच्या गोष्टी

विज्ञानकथा म्हणजे अमेरिका, असा आपला समज असतो. माझाही होता. पण ज्यांनी झाडांवर प्रयोग केले त्या जगदीशचंद्र बोस यांनी १८९६ मध्ये बंगालीत एक कथा लिहिली होती. केसांच्या तेलाच्या एका कंपनीनं स्पर्धा ठेवली होती आणि गोष्टीत तेलाचा उल्लेख हवा अशी अट होती. बोस यांनी काय केलं? कलकत्त्यावर चक्रीवादळ येणार असा अंदाज असतो, पण वादळ मध्येच नाहीसं होतं. शास्त्रज्ञ डोकं खाजवत बसतात. खरं असं झालेलं असतं की जहाजावरच्या एका प्रवाशानं खवळलेल्या समुद्रात केसांच्या तेलाची बाटली ओतलेली असते! मुलं पोट धरून हसली. मग मी परातीत पाणी घेतलं, एका पोराला फुंकर मारायला लावून लहान लाटा केल्या, नंतर तेलाचा एक थेंब टाकला आणि परत फुंकर मारायला सांगितलं. पाणी आधीइतकं हलत नाही, हे सगळ्यांना दिसलं. एका बाटलीनं वादळ थांबत नाही हे खरंच, पण थाप कशाच्या आधारावर मारलीय ते मुलांना कळलं.

दुसरी गोष्ट बेगम रुकय्या यांची. या बाई पुढे कलकत्त्यात मुस्लीम मुलींची शाळा चालवणाऱ्या शिक्षिका झाल्या, म्हणून मला जास्त जवळच्या वाटतात. त्यांनी १९०५ मध्ये इंग्रजीत ‘सुलतानाज ड्रीम’ म्हणजे सुलतानाचं स्वप्न नावाची कथा लिहिली. ती मद्रासच्या एका मासिकात छापली गेली. तिच्यातल्या राज्यात कारभार बायका बघतात आणि पुरुष घरात पडद्यात असतात. तिथल्या बायकांच्या एका विद्यापीठात मोठा फुगा तयार करून आकाशात ठेवलाय. त्याला नळ्या जोडल्यात आणि ढगातलं पाणी हवं तेवढं थेट काढून घेता येतं. दुसऱ्या विद्यापीठात उन्हाची उष्णता साठवायचं यंत्र आहे. १२० वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. ढगातून पाणी आणि सूर्यापासून चूल! माझ्या वर्गातल्या मुलींना पुरुष पडद्यात असतात हे ऐकून इतका आनंद झाला की पाच मिनिटं वर्ग आवरावा लागला.

मराठीत सुरुवात भाषांतरानं झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी ‘केरळ कोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली. पुढे फास्टर फेणेवाले भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कितीतरी कादंबऱ्या मुलांसाठी मराठीत आणल्या. तुमच्या शाळेच्या पेटीत ‘चंद्रावर स्वारी’ असेल तर काढून बघा, नसेल तर मागवा.

आणि मग जयंत नारळीकर. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून जूनमध्ये परिपाठात त्यांची गोष्ट सांगितली. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नाव बदलून. नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी केली. तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, पण नावावर बक्षीस नको होतं. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. माझ्या वर्गात त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी आपली नावं उलटी करून वह्यांवर घातली होती, आणि वह्या वाटताना माझी पंचाईत झाली.

मुंबईत बर्फ

पाठाचा खरा गाभा नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा. सहावी-सातवीला पूर्ण वाचून दाखवा, पाचवीला सांगा. मुंबईत सकाळी पोरं उठतात तर बाहेर बर्फ पडलेला. पोरांना मज्जा. पण डॉ. वसंत चिटणीस नावाच्या शास्त्रज्ञानं हे आधीच सांगितलेलं असतं. ज्वालामुखींची धूळ वातावरणात साचली, समुद्राची साठवलेली उष्णता कमी होत गेली, तर हिमयुग यायला वेळ लागणार नाही, हे त्याचं म्हणणं. कोणी मनावर घेत नाही. बाकीचे शास्त्रज्ञसुद्धा त्याला गंभीरपणे घेत नाहीत. मग थंडी येते, उत्तरेकडचे बलाढ्य देश गारठतात, आणि विषुववृत्ताजवळची जमीन सोन्याच्या भावाची होते. शेवटी अग्निबाणांनी उंच हवेत धातूचे बारीक कण सोडायचे, ते ऊन शोषून घेतील आणि हवा तापवतील, असा उपाय करावा लागतो.

आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बसून बर्फाची गोष्ट सांगायची म्हणजे गंमतच. एका मुलानं विचारलं, ‘मॅडम, आपल्याला तर उलटं पाहिजे ना? थंड करायचं मशीन?’

त्या प्रश्नावर मी दुसऱ्या दिवशी एक वेगळी गोष्ट घेऊन गेले. किम स्टॅनली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाची ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’ ही कादंबरी २०२० मध्ये आली. ती सुरू होते उत्तर प्रदेशात, उष्णतेच्या लाटेत. हवेत ऊन आणि दमटपणा दोन्ही इतके वाढतात की अंगाला आलेला घाम वाळतच नाही. वीज जाते, कूलर-पंखे बंद. लोक तळ्यात जाऊन बसतात, पण तळ्याचं पाणीही तापलेलं. गोष्टीत दोन कोटी माणसं मरतात. (पाचवीला हा भाग मी मोघम सांगितला. तुम्हीही वर्ग बघून ठरवा.) त्यानंतर गोष्टीतला भारत जगाचं न ऐकता विमानांतून उंच हवेत गंधकाचा वायू सोडतो, ऊन अडवायला.

हे मुलांना समजवायला माठ पुरेसा आहे. माठ थंड का होतो? बाहेर पाझरलेलं पाणी वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात हवा दमट असली की माठ तेवढा थंड होत नाही. आपलं अंग म्हणजे माठच. हवा दमट असून ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक ३५ अंशांवर गेला, तर धडधाकट माणूस सावलीत बसूनही फार तास टिकू शकत नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे नुसता आकडा ४२ की ४४ एवढं बघून चालत नाही. वर्गात साधा तापमापक असेल तर त्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून दोन्ही वाचनं फळ्यावर लिहा. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दोनदा करा. फरक बघून मुलं चक्रावतात.

मग आकाशात कण सोडून हवा थंड होते का? होते. १९९१ च्या जूनमध्ये फिलिपिन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्यातल्या गंधकामुळे जगाचं सरासरी तापमान वर्षभर तरी साधारण अर्ध्या अंशानं उतरलं होतं. नारळीकरांनी हवा तापवायला कण सोडले, रॉबिन्सननं थंड करायला सोडले. पण खरा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. बटण कोणाच्या हातात? उत्तरेतल्या देशाला थंडी हवी आणि आपल्याला मान्सून, तर कोणाचं ऐकायचं? मी वर्गाचे चार गट केले. एक शेतकरी, एक मच्छीमार, एक मोठा श्रीमंत देश, एक लहान बेट. प्रत्येकाला विचारलं, कण सोडायचे का? अर्ध्या तासात भांडण इतकं रंगलं की शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले.

ढगाला मीठ

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे. पाऊस पाडायचं मशीन हे फक्त मुलांच्या वहीत नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मराठवाड्यात सलग दुष्काळ चालू असताना, शासनानं औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, विमान उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. २०१९ मध्ये पुन्हा केला. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी तेव्हा वर मान करून ते विमान शोधलं असेल. मीही शोधलं होतं.

त्याची कृती अशी. हवेतली वाफ नुसती थंड झाली म्हणून थेंब होत नाही. तिला धरायला काहीतरी कण लागतो, धूळ, मीठ, धूर काहीही. ढगात थेंब इतके बारीक असतात की ते तरंगत राहतात. विमानातून मिठाचे बारीक कण किंवा फार थंड ढगांसाठी सिल्व्हर आयोडाइड सोडलं, तर त्याभोवती थेंब मोठे होतात, जड होतात आणि पडतात. वर्गात करायचा प्रयोग : काचेच्या बरणीत थोडं गरम पाणी घ्या, वर ताटलीत बर्फ ठेवा. फारसं काही दिसत नाही. मग ताटली जराशी उचलून विझवलेल्या काडीचा धूर आत सोडा आणि परत झाका. लगेच बरणीत ढग दिसतो. काडी शिक्षकानंच लावायची. आमच्याकडे बर्फ मिळाला नाही म्हणून शेजारच्या रसवंतीतून आणला.

प्रयोग संपल्यावर मी रिकामी कोरडी बरणी घेतली, त्यात धूर सोडला. ढग झाला नाही. ‘का नाही झाला?’ ‘आत वाफच नाही.’ बस, एवढंच त्यांना कळायला हवं होतं. ढग असेल तर त्यातून थोडा जास्त पाऊस काढता येतो, नसलेल्या ढगातून काहीच काढता येत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं सोलापूर भागात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात मोजून-मापून हा प्रयोग केला, तेव्हा योग्य ढग निवडले तर पाऊस साधारण १८ टक्के वाढल्याचं त्यांना दिसलं. शंभराचे एकशे अठरा. मुलांनी लगेच टक्केवारीचं गणित केलं. पण शून्याचे १८ टक्के किती, हे विचारल्यावर वर्ग थोडा वेळ गप्प होता.

वाळूचा ग्रह आणि परळीचं धुराडं

आठवीच्या मुलांसाठी आणखी एक कादंबरी. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’, १९६५ सालची. तिच्यावरचे सिनेमे मोठ्या मुलांनी मोबाइलवर पाहिलेलेही असतात. सगळा ग्रह वाळवंट. तिथले लोक असा पोशाख घालतात की अंगाचा घाम आणि श्वासातली वाफ परत पाणी होऊन प्यायला मिळते. कोणी मेलं तर त्याच्या देहातलं पाणीसुद्धा वस्तीचं. तिथं रडणं म्हणजे मेलेल्याला पाण्याचं दान देणं. हर्बर्टला ही कल्पना सुचली ती अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावर. सरकतं वाळूचं मैदान गवत लावून थांबवायचं काम तिथं चालू होतं, ते बघायला तो गेला होता.

पण कादंबरीतला खरा पेच वेगळाच आहे. त्या ग्रहावर पाणी आणून हिरवळ करायचं काही लोकांचं स्वप्न असतं. मात्र तिथली सगळी संपत्ती वाळूतल्या प्रचंड अळ्यांमुळे तयार होते, आणि त्या अळ्यांना पाणी म्हणजे विष. म्हणजे ग्रह हिरवा झाला की त्याची कमाई संपली.

इथं आपल्या भागाकडे वळता येतं. सिंदफणेवरचं माजलगाव धरण आलं, कालवे आले, ऊस आला, कारखाना आला. तेलगावची बाजारपेठ त्यावर उभी आहे, हे आपण नाकारू नये. आणि हाच ऊस पाण्याचा केवढा मोठा गिऱ्हाईक आहे, हेही नाकारू नये. परळीचं औष्णिक वीज केंद्र २०१३ साली पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा जाळून पाण्याची वाफ करायची, वाफेनं चाक फिरवायचं, मग ती वाफ थंड करायची. म्हणजे पाणी नाही तर वीज नाही, आणि वीज नाही तर बोअरची मोटार नाही. ही साखळी मुलांना फळ्यावर गोल काढून दाखवली की त्यांना ‘मशीन’ या शब्दाचा अर्थ वेगळा दिसायला लागतो.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर, साधारण ३४० किलोमीटर अंतर. टाक्या आधी राजस्थानात कोट्याला वाफेनं धुऊन घेतल्या होत्या. मी मुलांना हे तारखा काढून टाकून, गोष्ट म्हणून सांगितलं आणि विचारलं, ही खरी की विज्ञानकथा? तेवीस हात ‘विज्ञानकथा’ला वर झाले. आत्ता पाचवीत असलेली लेकरं तेव्हा नुकतीच जन्मली होती. त्यांच्या आई-वडिलांना मात्र घागरींची रांग आठवते, म्हणून मी घरी विचारून यायला सांगितलं. पालकहो, अशा वेळी ‘जा, अभ्यास कर’ म्हणू नका. हाच अभ्यास आहे. एका आजीनं ७२ च्या दुष्काळातलं खडी फोडायचं काम आणि सुकडी सांगितली. नातवानं ते जसंच्या तसं लिहून आणलं. भविष्यकाळाच्या गोष्टीला लागणारा सगळा माल त्यात होता. आणि पाणी नसणं एवढंच संकट नाही, हे मुलांना शिकवायची गरज मला पडली नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं शेतातली माती वाहून गेलेली त्यांनी स्वतः पाहिलीय.

‘कोयता’ आणि ‘रोबो’

आता त्या चार ओळींच्या वहीकडे येते.

१९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं एक नाटक लिहिलं. कारखान्यात माणसासारखे दिसणारे मजूर तयार करतात, ते न थकता काम करतात. त्यांना नाव दिलं ‘रोबो’. हा शब्द चेक भाषेतल्या ‘रोबोटा’वरून आला आणि त्याचा अर्थ वेठ, वेठबिगारी. म्हणजे यंत्राला माणसाच्या कष्टाचं नाव मिळालं. आपल्याकडे उलटं झालंय. ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादम ‘एक कोयता’ म्हणतो. उचल कोयत्याला मिळते, हिशोब कोयत्याचा होतो. माणसाला अवजाराचं नाव. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मुलांना काहीच नवल वाटलं नाही, त्यांच्या घरातलाच शब्द आहे तो. नवल मला वाटलं, इतकी वर्षं तो शब्द ऐकून.

ऊस तोडायची यंत्रं काही पन्नास वर्षांनी येणार नाहीत. ती फडात आलेली आहेत आणि ती घ्यायला अनुदानही मिळतं. त्याबद्दल माझ्याकडे तयार मत नाही. पहाटे थंडीत फडात उतरणाऱ्या बाईच्या पाठीवरची मोळी उतरावी असं कोणाला वाटणार नाही? दिवाळीनंतर माझ्या वर्गातली बाकं रिकामी होऊ नयेत असं मला तर वाटतंच. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ काही मुलं राहतात, पण सगळी नाही. पण उचल बंद झाली तर लग्न, दवाखाना, घराचा पत्रा कशातून होणार, हा प्रश्न त्या मुलीनं विचारला होता, आणि तोही प्रश्नचिन्ह न लावता. सतरा मुलांच्या मशीनला खर्च नव्हता. तिच्या एकटीच्या मशीनला होता.

मी तिची गोष्ट नाव न सांगता वर्गात वाचली. तिला आधी विचारून. मग सगळ्यांना एकच काम दिलं : ही गोष्ट पुढे न्या, पण बटण नको आणि लॉटरी नको. फक्त गावात खरोखर होऊ शकेल असं काहीतरी. दहा मिनिटं कोणी पेन उचललं नाही. मग हळूहळू सुरू झालं. एकानं लिहिलं, मशीन गावातल्या दहा घरांनी मिळून घेतलं आणि मशीनचा ड्रायव्हर गावातलाच. एकीनं लिहिलं, तिच्या आईनं मशीन दुरुस्त करायला शिकून घेतलं, कारण मशीन सारखं बिघडतं. एकानं उसाऐवजी कमी पाण्याचं पीक लावलं, पण त्याला भाव मिळाला नाही म्हणून गोष्टीतले लोक तहसीलवर मोर्चा घेऊन गेले. हा मुलगा वर्गात फारसं बोलत नाही. एकानं सरळ लिहिलं, ‘मला सुचत नाही.’ त्यालाही मी पूर्ण गुण दिले.

तुम्ही हा पाठ घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. पहिली, सगळं एकाच दिवशी सांगायला जाऊ नका. मी पहिल्या वेळी तांबोरापासून ड्यूनपर्यंत दोन तासिकांत पळवलं होतं आणि मुलं जांभया द्यायला लागली होती. एका तासिकेला एकच गोष्ट आणि एकच प्रयोग पुरे. दुसरी, गोष्टीच्या शेवटी ‘झाडे लावा’ हे वाक्य आलं तर खोडू नका. बाजूला फक्त लिहा : ‘कुठे? पाणी कोण घालणार?’ माझ्या वर्गातल्या एका मुलानं या शेऱ्याला वहीतच उत्तर दिलंय : ‘हातपंपाजवळ. सांडलेलं जातं.’

ती मुलगी यंदा सहावीत आहे. दिवाळीनंतर ती इथंच राहणार की टोळीबरोबर जाणार ते अजून ठरलेलं नाही. तिच्या वहीवर मी शेवटी जो शेरा लिहिला तो असा होता : ‘किराणा कसा आला ते मला सांग. मी वाट बघते.’ तिनं खाली पेन्सिलीनं लिहिलंय, ‘विचार करून सांगते मॅडम.’